विचारा, सांगते : राउटर वाट कशी निवडतो?

गेल्या वेळी या सदरात डिफॉल्ट रूटबद्दल (दुसरी कुठलीच वाट जुळली नाही की राउटर पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, जिकडे ढकलतो ती वाट) लिहिलं होतं. त्यावर आलेले प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात, पण बहुतेक फिरून एकाच नियमापाशी येतात : जुळणाऱ्या वाटांपैकी सगळ्यात नेमकी जी, ती राउटर निवडतो. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पहिलं उत्तर लांबलंय, कारण पुढच्या उत्तरांना त्याचा आधार आहे.

प्रश्न : ताई, आमची जळगाव एमआयडीसीत डाळमिल आहे, गोदाम धुळ्याला. दोन्हींमध्ये आधी रेडिओ लिंक होती, आता फायबरवरून टनेल (दोन जागा जोडणारी खासगी वाट) घेतलाय. राउटरमध्ये फायबरच्या रूटला डिस्टन्स 1 दिलंय आणि रेडिओच्या रूटला 200. म्हणजे फायबर आधी, तो पडला तरच रेडिओ. तरी गोदामातल्या कॅमेऱ्यांचं चित्र अडखळत येतं आणि रेडिओच्या पोर्टचा दिवा सारखा लुकलुकतो. बिलिंगचं कॉम्प्युटर मात्र फायबरवरून झकास चालतं. राउटर बदलू का? रूट टेबलाचा, म्हणजे राउटरमधल्या वाटांच्या यादीचा, फोटो सोबत पाठवलाय.
— डाळमिलचा हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही सांभाळणारा, जळगाव

उत्तर : राउटरला हात लावू नका भाऊ, त्याचं काही बिघडलेलं नाही. तुमच्या फोटोतल्या कामाच्या ओळी या :

10.20.48.0/22 — रेडिओ, डिस्टन्स 200
10.20.0.0/16 — फायबर, डिस्टन्स 1
0.0.0.0/0 — इंटरनेटवाल्याकडे

तुमच्या डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचा, पत्ता 10.20.50.10 आहे. हा पत्ता तिन्ही ओळींत बसतो. मग राउटर काय करतो? जुळणाऱ्या ओळींपैकी जिचा तिरक्या रेघेनंतरचा आकडा सगळ्यात मोठा, ती उचलतो. 22, 16 आणि 0 यांत 22 मोठा. विषय संपला. तुम्ही लिहिलेले 1 आणि 200 त्याने विचारातच घेतले नाहीत. रेडिओच्या ओळीला 200 ऐवजी 250 दिलं असतं तरी पॅकेट तिकडेच गेलं असतं. बिलिंगचं कॉम्प्युटर 10.20.10.5 वर आहे. ते /22 च्या ओळीत बसत नाही, म्हणून /16 वर जातं, म्हणजे फायबरवर. तुमचं अर्धं गोदाम फायबरवर आणि अर्धं रेडिओवर का, ते एवढंच.

आता ते 22 म्हणजे काय, ते जरा जवळून बघू, कारण इथे भल्याभल्यांची गाडी अडते. आपला नेहमीचा आयपी पत्ता (आयपीव्ही4) 32 बिटांचा, म्हणजे 32 शून्य-एकांचा असतो. आपल्या सोयीसाठी तो आठ-आठ बिटांचे चार आकडे करून लिहितात. /22 म्हणजे डावीकडून 22 बिट तंतोतंत जुळले पाहिजेत, उरलेले 10 काहीही चालतील. पहिले दोन आकडे, 10 आणि 20, यांतच 16 बिट संपले. तिसऱ्या आकड्याचे पहिले सहा तपासायचे राहिले. 48 हा बिटांत 00110000 असा लिहितात, 50 हा 00110010 आणि 51 हा 00110011. तिघांचे पहिले सहा बिट 001100, म्हणजे जुळले. 52 मात्र 00110100. त्याचे पहिले सहा 001101, नाही जुळले. म्हणून त्या एका ओळीत 10.20.48.0 पासून 10.20.51.255 पर्यंतचे सगळे पत्ते येतात आणि 10.20.52.0 बाहेर पडतो. तुमचा डीव्हीआर 50 वर आहे, तो आतच सापडला.

तुमच्या टेबलाचा इतिहास ओळी वाचूनच कळतो. रेडिओ बसवला तेव्हा कुणीतरी फक्त कॅमेऱ्यांपुरती /22 ची ओळ टाकली असणार. फायबर आल्यावर दुसऱ्याने अख्ख्या धुळ्यासाठी /16 टाकली आणि जुनी ओळ डिस्टन्स वाढवून ‘बॅकअप’ म्हणून राहू दिली. दोघांचंही काम आपापल्या जागी ठीक. फक्त दोन ओळींची लांबी, म्हणजे तिरक्या रेघेनंतरचा आकडा, वेगळी आहे, आणि लांबी वेगळी असली की त्यांची आपसात स्पर्धाच होत नाही.

डिस्टन्सचा उपयोग होतो तो बरोबरीत. तोच पत्ता, तीच लांबी, पण दोन वाटा असल्या की राउटर विचारतो, ही वाट मला कोणी सांगितली? थेट जोडलेल्या नेटवर्कला 0, हाताने टाकलेल्या रूटला 1, बाहेरच्या नेटवर्ककडून बीजीपीने आलेल्याला 20, ओएसपीएफला 110, रिपला 120, अशी पत बहुतेक राउटरांत आधीच ठरलेली असते. (बीजीपी, ओएसपीएफ, रिप हे राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायचे प्रोटोकॉल.) आकडा कमी तितका भरवसा जास्त. एकाच प्रोटोकॉलने दोन वाटा दाखवल्या तर मग मेट्रिक, म्हणजे त्या प्रोटोकॉलने मोजलेला वाटेचा खर्च. हा सगळा हिशेब लांबीचा प्रश्न मिटल्यावरचा आहे.

उपाय सोपा. 10.20.48.0/22 ची आणखी एक ओळ टाका, फायबरकडे, डिस्टन्स 1. आता दोन्ही /22, म्हणजे खरी स्पर्धा, आणि फायबर जिंकेल. /16 लाही रेडिओवर डिस्टन्स 200 ची जोडी द्या, नाहीतर फायबर पडल्यावर कॅमेरे दिसतील आणि बिलिंग बसेल. शिवाय दोन गोष्टी बघा. हाताने टाकलेला रूट पोर्ट चालू आहे तोवर टेबलात बसूनच राहतो, पलीकडचा टनेल मेला असला तरी. म्हणून पलीकडच्या गेटवेला, म्हणजे तिकडच्या राउटरला, पिंग करून (हाक मारून उत्तर येतं का बघून) रूट जिवंत आहे का ते तपासायची सोय असते, ती चालू करा. आणि धुळ्याच्या राउटरचं टेबलही तपासा. जाणारं पॅकेट तुमच्या टेबलाने जातं, पण कॅमेऱ्याचं चित्र तिकडून इकडे येतं, ते त्यांच्या टेबलाने.

याच पत्रात खाली पेनाने लिहिलंय, ‘असा उफराटा नियम कोणी केला?’ उफराटा नाही हो. पिन कोड आठवा. 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला. पोस्ट खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती योजना. जळगावचा पिन 425001, धुळ्याचा 424001. पण धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा 425405, आणि जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावचा 424101! जिल्ह्याच्या हद्दी एकीकडे, पिन दुसरीकडे. टपाल वेगळं करणाऱ्यासमोर ‘42’, ‘425’ आणि ‘4254’ असे तीन कप्पे असले, तर शिरपूरचं पत्र तिन्हींत बसतं, पण तो ते ‘4254’ मध्येच टाकणार. जिल्हा कुठला, रस्ता जवळचा कुठला, हे तो बघत नाही. डावीकडून जितके आकडे जुळले, तितकं पत्र नेमक्या हाती गेलं. राउटर हेच करतो, फक्त तो दहाच्या आकड्यांवर न तोडता कुठल्याही बिटावर तोडू शकतो.

पूर्वी तसं नव्हतं. 1993 पर्यंत इंटरनेटवर पत्त्यांचे ए, बी आणि सी असे ठरावीक वर्ग होते, म्हणजे आजच्या भाषेत /8, /16 आणि /24. मधलं काही नाही. ज्याला हजार पत्ते हवेत त्याला एक बी वर्ग द्यायचा, म्हणजे 65,536, आणि बाकीचे वाया. नाहीतर चार सी वर्ग द्यायचे आणि जगभरच्या राउटरांत चार ओळी वाढवायच्या. 1993 मध्ये सीआयडीआर आलं, लोक त्याला ‘सायडर’ म्हणतात, आणि कुठल्याही लांबीचा प्रीफिक्स (पत्त्याचा डावीकडून जुळवायचा भाग) चालू लागला. त्यामुळे मोठा गठ्ठा एका ओळीत सांगून त्यातल्या एका तुकड्यापुरती वेगळी वाट दाखवता येऊ लागली. समजा, एखाद्या कंपनीने इंटरनेटवाला बदलला, पण पत्ते जुन्याच्या गठ्ठ्यातले ठेवले. जुना /16 सांगत राहतो, नवा तिच्यापुरता /24 सांगतो, आणि जग /24 ऐकतं. रुंद ओळ जिंकली असती तर अपवाद करताच आला नसता. प्रत्येक अपवादासाठी रुंद ओळ फोडून शेकडो ओळी कराव्या लागल्या असत्या.

प्रश्न : मॅडम, फायरवॉलमध्ये (वाहतुकीवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेत) नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की थांबतात. मग राउटरमध्ये नेमका रूट सगळ्यात वर ठेवायला हवा ना? आमच्या लॅबमध्ये यावरून दोन तट पडलेत.
— पॉलिटेक्निकची विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : फायरवॉलबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर, पण राउटरमध्येही तसंच असतं म्हणणारा तट चूक. रूट टेबलात क्रमाला काडीची किंमत नाही. ओळ सकाळी टाकली की रात्री, वर दिसते की खाली, काही फरक पडत नाही. पडद्यावर टेबल क्रमाने दिसतं ते आपल्या डोळ्यांसाठी. वरच्या उत्तरातल्या तीन ओळी उलट्या लिहून बघा, निकाल तोच.

बरं, राउटर वरून खाली वाचत बसला असता तर त्याचं काय झालं असतं? इंटरनेटच्या मुख्य राउटरांत आयपीव्ही4 च्या नऊ लाखांच्या वर ओळी असतात आणि सेकंदाला कोट्यवधी पॅकेटं. म्हणून ओळी झाडासारख्या मांडून ठेवतात. मुळापासून निघायचं, पत्त्याचा बिट 0 असेल तर डावीकडे, 1 असेल तर उजवीकडे. वाटेत जिथे एखादी ओळ जुळते तिथे ती लक्षात ठेवायची आणि पुढे जायचं. फांदी संपली की शेवटची लक्षात ठेवलेली ओळ हे उत्तर. आयपीव्ही4 मध्ये 32 पावलांच्या वर जायची गरजच नाही, ओळी दहा असोत की दहा लाख. जिथे फाटाच नाही तिथले बिट ओलांडून जायची युक्ती डोनाल्ड मॉरिसन यांनी 1968 मध्ये मांडली. पॅट्रिशिया हे त्या पद्धतीचं नाव. तुमच्या सरांना विचारा, ते खूश होतील.

मोठ्या राउटरांत याहून दांडगा प्रकार असतो, टीकॅम नावाची मेमरी. तिच्या प्रत्येक घरात 0, 1 किंवा ‘काहीही चालेल’ असं लिहिता येतं, आणि पत्ता आला की सगळ्या ओळी एकाच वेळी तपासल्या जातात. अनेक जुळल्या तर लांबातली लांब निवडायची. वेगाला तोड नाही, पण ही मेमरी महाग, वीज खाणारी आणि तापणारी. मे महिन्यात आपल्याकडे 45 अंशांत एसी बंद पडलेल्या सर्व्हर रूममध्ये उभं राहिलात की ‘तापणारी’ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. आणि तिच्यातली जागा मोजकी असते. 12 ऑगस्ट 2014 ला एका मोठ्या नेटवर्ककडून हजारो बारीक वाटा थोडा वेळ बाहेर सुटल्या आणि जगाचं टेबल 512 के, म्हणजे पाच लाखांहून थोड्या जास्त, ओळींच्या पलीकडे गेलं. जुन्या राउटरांत तेवढ्याच ओळींची जागा राखलेली होती. ठिकठिकाणी इंटरनेट रखडलं. तेव्हा लॅबमध्ये ‘नेमका रूट चांगला’ असं घोकताना प्रत्येक नेमक्या ओळीचं भाडं कुणीतरी भरतंय, हेही वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : मी पुण्यातल्या कंपनीचं काम भुसावळहून घरी बसून करतो. ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्ककडे नेणारा टनेल) लावल्यावर कुतूहलाने विंडोजमध्ये ‘रूट प्रिंट’ ही टेबल दाखवणारी कमांड चालवली. डिफॉल्ट रूट अजून माझ्या घरच्या राउटरकडेच दाखवतोय! म्हणजे व्हीपीएन नुसता नावाला चालू आहे का? शिवाय 128.0.0.0 अशा दोन विचित्र ओळी आल्यात.
— रेल्वे कॉलनीजवळचा एक वाचक, भुसावळ

उत्तर : त्या दोन विचित्र ओळींनीच तुमचा डिफॉल्ट रूट जागच्या जागी ठेवून निकामी केलाय. एका ओळीत 0.0.0.0 आणि मास्क 128.0.0.0, दुसरीत 128.0.0.0 आणि मास्क तोच. मास्क 128.0.0.0 म्हणजे /1, फक्त पहिला बिट बघायचा. पहिली ओळ 0 ने सुरू होणारं अर्धं जग घेते, दुसरी 1 ने सुरू होणारं उरलेलं अर्धं. दोन्ही मिळून अख्खं इंटरनेट. आणि /1 हा /0 पेक्षा लांब! म्हणून तुमचा जुना डिफॉल्ट टेबलात दिसतो, पण त्याच्या वाट्याला एकही पॅकेट येत नाही. ओपनव्हीपीएनची ही जुनी चाल आहे आणि मला ती फार आवडते. मूळ ओळ पुसली असती तर व्हीपीएन मध्येच कोसळल्यावर ती परत लिहायची कुणी? इथे व्हीपीएन गेला की दोन ओळी जातात आणि खालचा डिफॉल्ट आपोआप कामाला लागतो.

आणखी बारकाईने बघा, मास्क 255.255.255.255 असलेली एक ओळ घरच्या राउटरकडे जाताना दिसेल. तो कंपनीच्या व्हीपीएन सर्व्हरचा एकट्याचा पत्ता, /32, याहून नेमकं काही नसतं. ती ओळ नसती तर टनेलची पॅकेटंसुद्धा टनेलमध्येच शिरायला गेली असती आणि सगळं तिथेच गुंडाळलं असतं. घरचा प्रिंटर व्हीपीएन लावूनही चालतो तो का, हे आता तुमचं तुम्हाला सांगता येईल. त्याची ओळ /24 आहे.

एक मात्र तपासा. हे सगळं आयपीव्ही4 चं टेबल झालं. आयपीव्ही6 चं, म्हणजे नव्या जास्त लांब पत्त्यांचं, टेबल वेगळं असतं, आणि घरच्या लाइनवर आयपीव्ही6 चालू असून व्हीपीएनने तिकडे काही टाकलं नसेल, तर ती वाहतूक थेट बाहेर जाते. कंपनीच्या आयटीवाल्यांना विचारा, त्यांनी ठरवून तसं ठेवलंय का.

प्रश्न : घरी 192.168.1.0/24 आणि दुकानातही 192.168.1.0/24. टनेल लागतो, पण दुकानातलं बिलिंग मशीन घरून दिसत नाही. ते 192.168.1.25 वर आहे.
— सराफ बाजारातून, जळगाव

उत्तर : दोन्हीकडे तेच नाव-गाव. लांबी सारखी झाली, बरोबरी झाली, आणि थेट जोडलेलं नेटवर्क 0 डिस्टन्सने जिंकतं. तुमचा लॅपटॉप बिलिंग मशीन घरातच शोधत बसतो. आजचं काम भागवायचं तर त्या एका मशीनपुरती 192.168.1.25/32 ची ओळ टनेलकडे टाका. लगेच दिसेल, फक्त घरात त्याच पत्त्यावर दुसरं काही नको. सवडीने घरचं नेटवर्क 10.83.47.0/24 असल्या कुणाला न सुचणाऱ्या पत्त्यावर हलवा. दुकानाचं हलवू नका, तिथे प्रिंटर, स्कॅनर आणि सीएचं सॉफ्टवेअर सगळे जुन्या पत्त्याला चिकटलेले असतात.

प्रश्न : पाकिस्तानने एकदा सगळ्या जगाचं यूट्यूब बंद पाडलं होतं म्हणतात. एक देश दुसऱ्याची वेबसाइट आपल्यापुरती बंद करू शकतो हे समजतं, पण जगाची कशी? आणि आजही करू शकतो का?
— स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, नंदुरबार

उत्तर : खरी गोष्ट आहे, आणि तीत एकही हॅकर नाही. 24 फेब्रुवारी 2008. पाकिस्तान सरकारने यूट्यूब देशात बंद करायला सांगितलं होतं. यूट्यूब तेव्हा जगाला 208.65.152.0/22 ही ओळ सांगत होतं, म्हणजे 1,024 पत्ते. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातल्याच 208.65.153.0/24 या 256 पत्त्यांसाठी आपली ओळ तयार केली. देशातलं यूट्यूबचं पॅकेट त्या ओळीने यावं आणि तिथेच जिरावं, असा बेत. घरातल्या घरात राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण ती ओळ बीजीपीतून त्यांच्या हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या वरच्या नेटवर्ककडे गेली, त्यांनी ती न तपासता पुढे सांगितली, आणि राउटर जगाच्या पाठीवर कुठलाही असो, नियम एकच. /24 हा /22 पेक्षा लांब. आपल्या घड्याळाने रात्री 12 वाजून 17 मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे 25 तारीख लागल्यावर, हे सुरू झालं आणि बघता बघता यूट्यूबची वाहतूक पाकिस्तानकडे वळली.

यूट्यूबने काय केलं ते परीक्षेपेक्षाही नीट लक्षात ठेवा. 1 वाजून 37 मिनिटांनी त्यांनी स्वतः तीच /24 सांगायला सुरुवात केली. आता बरोबरी झाली, म्हणून ज्या नेटवर्कना यूट्यूब जवळ होतं ती परत आली, ज्यांना पाकिस्तानची वाट जवळ होती ती तिकडेच राहिली. 1 वाजून 48 मिनिटांनी त्यांनी त्याच /24 चे दोन तुकडे करून 208.65.153.0/25 आणि 208.65.153.128/25 जाहीर केले. याहून नेमकं! ज्यांनी ते ऐकलं ती सगळी वाहतूक परतली. सगळ्यांनी ऐकलं नाही, कारण /24 पेक्षा बारीक ओळ बहुतेक मोठी नेटवर्क घेतच नाहीत. टेबल किती फुगू द्यायचं याला मर्यादा हवी ना. 2 वाजून 31 मिनिटांनी पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तानकडून येणारी ती वाट काढून टाकली, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

आजही होऊ शकतं का? 2018 च्या एप्रिलमध्ये झालंच की. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या ॲमेझॉनच्या सर्व्हरांच्या पत्त्यांसाठी कुणीतरी /24 च्या ओळी जाहीर केल्या, आणि त्या वेळी त्यामागे चोरीच होती. मायइथरवॉलेट ही क्रिप्टो चलनाच्या पाकिटाची साइट उघडणारे लोक बनावट साइटवर गेले आणि त्यांचं क्रिप्टो चलन पळवलं गेलं.

यावरचं औषध म्हणजे आरपीकेआय. पत्त्यांचा मालक सही करून जाहीर करतो की हा गठ्ठा फक्त अमुक नेटवर्कने सांगायचा आणि अमुक लांबीपर्यंतच सांगायचा. तपासणारे राउटर याच्याशी न जुळणारी ओळ टाकून देतात, मग ती कितीही नेमकी असो. आपल्या देशात पत्त्यांची नोंदणी आयआरआयएनएन ही संस्था बघते, तिच्याकडे हे करता येतं. पण ‘अमुक लांबीपर्यंत’ हा रकाना लोक सैल भरतात. सांगतात /22 आणि पुढेमागे लागेल म्हणून परवानगी लिहून ठेवतात /24 ची. मग खऱ्या मालकाच्या नेटवर्कचा नंबर लावून कुणी खोटी /24 सांगितली तर ती तपासणीत पास होते, आणि लांब म्हणून जिंकतेही! जेवढं सांगता तेवढीच परवानगी लिहावी.

प्रश्न : ताई, मी शहाद्याला केबलवरून इंटरनेट देतो. वरच्या कंपनीने एक /24 दिलाय. दोन भागांना मी एकेक /26 दिलाय, बाकी अर्धे पत्ते रिकामेच आहेत. हल्ली वरची लाइन विनाकारण भरलेली दिसते. त्या रिकाम्या पत्त्याला बाहेरून ट्रेसरूट (पॅकेट कुठकुठल्या राउटरांतून जातं ते दाखवणारी कमांड) केलं तर माझा राउटर, त्यांचा राउटर, परत माझा, परत त्यांचा असं शेवटपर्यंत चालतं. वरचे म्हणतात दोष तुमचा.
— केबलवाला, शहादा

उत्तर : वरचे खरं बोलतायत, नेहमी बोलतात असं नाही. समजा तुमचा गठ्ठा 203.0.113.0/24 आहे. (हा पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, तुमचा छापत नाही.) तुमच्या टेबलात 203.0.113.0/26 एका भागाकडे, 203.0.113.64/26 दुसऱ्या भागाकडे, आणि डिफॉल्ट वरच्या कंपनीकडे. बाहेरून कुणी 203.0.113.200 ला हाक मारली. वरच्यांकडे /24 ची ओळ आहे, त्यांनी पॅकेट तुमच्याकडे ढकललं. तुमच्याकडे 200 ला जुळणारी /26 नाही. जुळतो फक्त डिफॉल्ट, म्हणजे परत वरच्यांकडे. त्यांनी पुन्हा खाली. प्रत्येक उडीला पॅकेटमधला टीटीएल नावाचा आकडा एकाने कमी होतो, तो शून्य होईपर्यंत हा खेळ चालतो. 255 ने निघालेलं एक पॅकेट जाताना-येताना धरून दोनशेच्या वर वेळा तुमची लाइन ओलांडू शकतं. इंटरनेटवर पत्ते चाचपत फिरणारी यंत्रं रात्रंदिवस चालू असतात. त्यांचं एकेक पॅकेट असं गुणिले होऊन तुमची लाइन भरतं.

तोड एका ओळीची आहे : 203.0.113.0/24 ब्लॅकहोलकडे. सिस्कोवर त्याला नल झिरो म्हणतात, मायक्रोटिक आणि लिनक्सवर ब्लॅकहोल. अख्खा गठ्ठा खड्ड्यात टाकायला सांगते म्हणून दचकू नका. तुमच्या ग्राहकांच्या ओळी /26 आहेत, त्या /24 पेक्षा लांब, त्यांच्या पॅकेटाला धक्का लागत नाही. खड्ड्यात जातं ते फक्त बेवारस. आणि पावसात एखाद्या भागाची तार तुटून त्याची /26 टेबलातून गेली, तर त्या भागाची पॅकेटंही वर-खाली न करता तिथेच संपतील. तार जोडली की ओळ परत येईल आणि वाहतूक पूर्ववत होईल, ब्लॅकहोलच्या ओळीला हात लावायची गरज नाही.

ओळ टाकल्यावर तोच ट्रेसरूट पुन्हा चालवा. आता तो तुमच्या राउटरपाशी, नाहीतर त्याच्या एक पाऊल आधी थांबला पाहिजे. तरीही वर-खाली दिसलं तर तुमच्या राउटरमध्ये पॉलिसी रूटिंगचे नियम आहेत का बघा. दोन लाइनींवर ग्राहक वाटून द्यायला पुष्कळ केबलवाले ते लावतात. ते नियम टेबलाच्या आधी चालतात आणि कुठलं टेबल बघायचं हेच बदलतात. लांब ओळ जिंकते ती एकाच टेबलाच्या आत. नियमाने दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं असेल, तर ब्लॅकहोलची ओळ तिकडेही टाकावी लागेल, आणि दोन्ही /26 च्या ओळीसुद्धा, नाहीतर तिथे ग्राहकांची पॅकेटंही बेवारस ठरतील.